गिरणीचा भोंगा आणि गोठ्याची दावण



कामगार चळवळीतला माणूस व्याख्यानाला उभा राहिला म्हणजे तो संप, बोनस आणि कायद्याची कलमे यांवर बोलणार, अशी आपली समजूत असणे साहजिक आहे. माझे स्वतःचे शिक्षण शाळेत थोडे आणि युनियनच्या कचेरीतील पुस्तकांच्या कपाटापाशी अधिक झाले. त्यामुळे वाचले तेही बहुतेक संपांचे आणि सभांचेच इतिहास. परंतु हे सारे वाचताना एक गोष्ट मला सतत खटकत आली. या इतिहासात गिरणीची चिमणी आहे, चाळ आहे, लाल बावटा आहे. गोठा मात्र कोठेही नाही. आणि रत्नागिरीच्या माणसाला तर ठाऊक आहे की, मुंबईच्या ज्या कामगाराचा हा इतिहास आहे, त्याचे अर्धे घर परळला असेल तर अर्धे गोठ्यात होते. आज मी त्या उरलेल्या अर्ध्या घराविषयी बोलणार आहे.

प्रथम आपली भूमी ध्यानात घेतली पाहिजे. जांभ्या दगडाचा माळ, त्यात तुकड्यातुकड्यांनी कोरलेल्या भाताच्या मळ्या, आणि वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस. हा पाऊस भात पिकवतो हे खरे, पण तोच मातीतला कस धुऊन समुद्रात नेऊन टाकतो. देशावरच्या काळ्या जमिनीसारखी ही जमीन आपल्या पोटात ठेव राखून ठेवीत नाही. तिला दरसाल नव्याने भरावे लागते. भरायचे ते कशाने? रासायनिक खत खेड्यापर्यंत पोचण्यापूर्वी त्याला उत्तर एकच होते: शेणाने आणि झाडपाल्याने. म्हणून कोकणातला शेतकरी गुरे पाळी, ती दुधासाठी नव्हे. गाय पाळायची ती बैलासाठी आणि शेणासाठी; दूध मिळाले तर तो वरचा लाभ.

आपली गावठी गाय बुटकी, काटक, लहान खुरांची, तांबूस, काळ्या, भुऱ्या, वाटेल त्या रंगाची. डोंगर चढण्यात आणि पावसात टिकण्यात तिचा हात धरणारे जनावर नाही; दुधाच्या बाबतीत मात्र दिवसाला दोन लिटरांच्या आसपास दिले तरी पुष्कळ. शिकलेल्या लोकांनी तिला फार काळ बिनजातीची म्हणून हिणवले. अखेर २०१८ साली कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने तिची ‘कोकण कपिला’ या नावाने स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या बदली कामगाराला निवृत्तीच्या वयात कायम केल्याचा कागद मिळावा, तसाच हा प्रकार झाला!

आता या घरातला दिवस पाहा. तांबडे फुटण्यापूर्वी बाई उठे ती प्रथम गोठ्यात जाई. आपल्याकडे त्याला पुष्कळ ठिकाणी वाडा म्हणतात. कोठे तो घरालगत, तर कोठे घराच्याच पडवीत, माणसांपासून एका कुडाच्या अंतरावर. रात्रीचे शेण काढून टोपलीने गायरीत नेऊन टाकायचे, मुताने भिजलेला पातेरा उचलून तोही त्यावर पसरायचा, वासरू सोडून पान्हा घालवायचा, धार काढायची, कोंबड्यांचा खुराडा उघडायचा. माणसांची पेज चुलीवर चढे ती यानंतर. मग दावी सोडून गुरे गुराख्याच्या स्वाधीन करायची. हा गुराखी म्हणजे बहुधा घरातलेच किंवा शेजारचे आठ-दहा वर्षांचे पोर. आपल्या खेड्यांतील शाळांच्या हजेरीपटावरची कितीतरी नावे या गुरांमागे माळावर हिंडत होती. संध्याकाळी गुरे परतली की मोजायची, पायांत काटा आहे का ते पाहायचे, गोचिड काढायचे, पेंढा टाकायचा, आणि पावसाळ्यात माश्या-डासांसाठी ओल्या पाल्याची धुरी करायची. उनाड गाईच्या गळ्यात लोढणे अडकवायचे, म्हणजे ती दुसऱ्याच्या तरव्यात शिरणार नाही. आणि ज्या जिल्ह्यात पाऊस असा कोसळतो, त्याच जिल्ह्यात वैशाखात विहिरी तळाला जातात. मग माणसांचे पाणी आणून झाले की एकेका बैलामागे तीन-चार घागरी निराळ्या. हे सारे बाईच्या डोक्यावरून येई.

हे शेण जाई कोठे? काहीचे सारवण होई, काहीच्या शेणी थापून चुलीला लागत, आणि उरलेले शेतात जाई. फाल्गुन-चैत्रात दाढ भाजायची. दाढीच्या जागेवर खाली शेण, त्यावर आईन-किंजळीची तोडलेली कवळे, त्यावर पातेरा आणि गवत, सर्वांत वर बारीक माती. मग वाऱ्याचा रोख पाहून सावकाश पेटवायचे. त्या आगीने तणाचे बी मरते, माती भुसभुशीत होते आणि राखेचे खत रोपाला मिळते. तरवा जोमदार उगवला तर आवणी वेळेवर होई, आणि आवणी वेळेवर झाली तर पोटाला भात. इंग्रज अधिकाऱ्यांपैकी पुष्कळांना ही पद्धत रानटी आणि जंगलाची नासाडी करणारी वाटे. ठाणे-कुलाब्याकडे राबाच्या हक्कावरून एवढी ओरड झाली की, सरकारला १८८५ च्या सुमारास त्यासाठी वनचौकशी आयोग नेमावा लागला. शेतकऱ्याचे म्हणणे साधे होते: जंगल तुमचे असेल, पण आमचे भात त्याच्या पाल्यावर उगवते.

या जिल्ह्याच्या बाबतीत सरकारच्या अगोदर खोत उभा होता. खोत हा गावचा सारा वसूल करून सरकारात भरणारा. पण व्यवहारात तो गावचा धनीच होऊन बसला होता. कुळाने धान्याचा मोठा वाटा द्यायचाच, शिवाय वेठ करायची. आणि वेठ म्हणजे केवळ माणसाची नव्हे. मृगाचा पहिला पाऊस झाला, जमिनीला वाफसा आला, की कुळाचे जोत आधी खोताच्या शेतात जाई. शेतीत चार दिवसांचा उशीर म्हणजे काय, हे ज्याने चिखल तुडवला आहे त्याला सांगायला नको. बैल कुळाचा, वैरण कुळाची, घाम दोघांचा, आणि वाफशाचे दिवस खोताचे! वरकस जमिनीतील गवतावर आणि झाडांच्या कवळांवरही खोत हक्क सांगे. ज्याच्या हाती गवत आहे, त्याच्या हाती बैल आहे. आणि ज्याच्या हाती बैल आहे, त्याच्या हाती माणूस आहे.

त्यात १८७१ चा गुरांच्या आगळिकीचा कायदा आला आणि गावोगाव कोंडवाडे झाले. गाय दुसऱ्याच्या किंवा सरकारच्या हद्दीत शिरली की दंड भरून सोडवायची. महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यात गायराने जंगलखात्याने गिळल्याची तक्रार त्यांनी फार कडक शब्दांत मांडली आहे. पुस्तकाला नाव देतानाही त्यांनी जोतावरचीच वस्तू निवडली, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

खोतीविरुद्धचा लढा आपणांस माहीत आहे. अलिबागजवळच्या चरी गावी नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखाली कुळांनी १९३३ पासून सहा वर्षे शेते ओस ठेवली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि १९३८ च्या जानेवारीत कोकणातले हजारो शेतकरी मोर्चाने मुंबईस गेले. खोती नाहीशी करणारा कायदा १९४९ साली झाला, आणि पुढच्या वर्षी तो अमलात आला. सहा वर्षे शेत ओस ठेवणे म्हणजे सहा वर्षे पेंढाही नाही, हा हिशेब करून पाहा. संपात माणूस अर्धपोटी राहू शकतो, कारण त्याला कारण समजते. गुराला ते समजावता येत नाही. चरीच्या संपकऱ्यांनी आपल्या गुरांच्या तोंडाकडे पाहत ते दिवस काढले असतील, आणि माझ्या मते त्यांच्या धैर्याचे खरे माप तेथे आहे.

आता बैलाच्या अर्थशास्त्राकडे येऊ. भातशेतीत बैलाचे कष्टाचे काम वर्षातून थोडेच आठवडे असते: नांगरणी, चिखलणी, फळी फिरवणे. पण त्याला खायला बारा महिने लागते. दोन-चार मळ्यांच्या धन्याला बैलांची जोडी परवडत नाही. यावर गरिबाने काढलेला तोडगा म्हणजे सावड. माझा एक बैल, तुझा एक बैल. आज तुझी मळी, उद्या माझी. घाटावर याला वारंगुळा म्हणतात. ज्याच्याजवळ बैलच नाही त्याने माणसाची मेहनत द्यायची आणि बदली जोत घ्यायचे. या करारावर सही नाही, अंगठा नाही; पण मोडणाऱ्याला पुढच्या साली कोणी बैल देत नसे. मला तर वाटते, मुंबईला जाऊन युनियनची पावती फाडण्यापूर्वीच आपल्या माणसाला संघटनेचा धडा या चिखलात मिळालेला होता.

आणखी एक गंमत सांगतो. कोकणातील पुष्कळ गावांत सोमवारी जोत धरीत नसत. तो शंकराच्या नंदीचा वार, म्हणून बैलाला विश्रांती. उलट मुंबईच्या गिरणी कामगाराला आठवड्याची सुटी मिळण्यासाठी नारायण मेघाजी लोखंडे यांना वर्षानुवर्षे अर्ज आणि सभा कराव्या लागल्या. १८९० च्या जूनमध्ये गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. म्हणजे सुटीच्या बाबतीत आमचा बैल आमच्या गिरणी कामगारापेक्षा सुधारलेल्या राजवटीत राहत होता! पण मंडळी, हसण्याआधी तिसऱ्याचाही हिशेब करा. बैलाला सोमवार, नवऱ्याला रविवार; शेण काढणाऱ्या बाईला कोणता वार? तिच्या सुटीचा ठराव आजपर्यंत कोणत्याही परिषदेत मांडला गेलेला नाही, आमच्या परिषदांतही नाही.

ही बाई आणि तो गिरणी कामगार हे एकाच घरातले. १९११ च्या खानेसुमारीत मुंबईच्या कापड गिरण्यांतील जवळजवळ निम्मे कामगार एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. त्या वेळी आजचा सिंधुदुर्गही या जिल्ह्यात होता. तो १९८१ साली निराळा झाला. घरटी एक पुरुष बोटीने मुंबईला, आणि घर, म्हातारी माणसे, मुले, गुरे बाईच्या हवाली. त्याच्या मनिऑर्डरीतून सारा भरायचा, कर्ज फेडायचे, आणि बैल मेला तर नवा घ्यायचा. आपल्याकडे पुष्कळ घरांत बैल हा गिरणीच्या पगारातून आलेला होता. आणि उलट गिरणीतला माणूस गावच्या तांदळावर टिकून होता. दोघे एकमेकांना पोसत होते.

आता याचा अर्थ काय लावायचा? १९२९ साली इंग्रज सरकारने हिंदी कामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी व्हिटली आयोग नेमला. त्या आयोगाने असे मत दिले की, कामगाराचा खेड्याशी असलेला संबंध ही जमेची बाजू आहे. तो तोडू नये, तर नीट जपावा. हे ऐकायला गोड आहे. पण जरा उलटून पाहा. आजारी पडला तर गावी जा, म्हातारा झाला तर गावी जा, बेकार झाला तर गावी जा. म्हणजे आजारपणाचा भत्ता, म्हातारपणाचे वेतन आणि बेकारीचा आधार हे सारे मालकाऐवजी गावच्या गोठ्याने द्यायचे! पगार एका माणसाच्या पोटापुरता ठेवता आला, कारण बाकीचे कुटुंब शेण काढून जगत होते. गिरणीमालकांच्या नफ्याच्या हिशेबात या बाईच्या टोपलीची नोंद कोणी केली नाही.

पण नाण्याला दुसरी बाजूही आहे, आणि ती आम्हा चळवळीतल्या लोकांना विसरता येणार नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा लाखो माणसे शहर सोडून गेली, आणि आपले लोक याच घरांकडे धावले. १९२८ साली सुमारे दीड लाख गिरणी कामगारांनी एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत संप चालवला. सहा महिने पगार नसताना माणसे टिकली, त्याला पुढाऱ्यांची भाषणे कारण झाली आणि गावचे भातही. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. वडील गिरणीतून घरी आले. त्या पावसाळ्यात त्यांनी कित्येक वर्षांनी स्वतः जोत धरले. बैल त्यांना ओळखत नव्हते, आईच्या हाकेशिवाय पाऊल उचलीत नव्हते. माझी आई एवढेच म्हणे, “बैल उभा हाय तवर घर उभा हाय.” तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही; गिरण्या मात्र एकेक करून गेल्या. त्या वर्षांत किती घरांनी आधी शेळ्या विकल्या, मग पाडी, मग दुभती म्हैस आणि शेवटी बैल, याचा तक्ता कोणी मांडलेला नाही. तो मांडला असता तर संपाची खरी किंमत कळली असती. मालकाजवळ बँकेत ठेव होती. आमच्या लोकांची ठेव दावणीला बांधलेली होती.

शेळी आणि कोंबडी यांचा उल्लेख आला म्हणून सांगतो. बैल पुरुषाच्या नावाचा; पण शेळी आणि कोंबडी ही बाईची तिजोरी. मुलाची फी, अचानक आलेला पाहुणा, औषधाची बाटली हे अंड्यांवर निघे. गरीब बाई दुसऱ्याची पाडी अर्धेलीने पाळी. पुढे जी वाढ होईल ती निम्मी तिची. कोंबड्याला गावच्या राखणीला मान द्यावा लागे, तो निराळा. हे प्राण्यांवरचे प्रेम होते की व्यवहार? दोन्ही होते, आणि गरिबाच्या घरी ती निरनिराळ्या खोल्यांत राहत नाहीत. साने गुरुजी याच जिल्ह्यातले, पालगडचे. ‘श्यामची आई’मध्ये ‘मोरी गाय’ नावाचे एक स्वतंत्र प्रकरण आहे, हे आपणांस आठवत असेल. ते वाचून महाराष्ट्र रडला. पण तशी मोरी, तांबू, कपिला या जिल्ह्यात घरोघर होती. त्याच घरात चाबूकही होता, आणि थकलेला बैल बाजारात नेणारा हातही होता. ज्याला उद्याच्या पेजेची चिंता आहे, त्याच्या दयेलाही मर्यादा पडते. तेथे दोष माणसापेक्षा दारिद्र्याचा अधिक असतो.

गुरांच्या रोगांनी तर घरेच्या घरे बसत. बुळकांडी आली की वाडीचे वाडे रिकामे होत. लोक देवाला गाऱ्हाणे घालीत, वेशीवर गुरे अडवीत. दुसरा उपाय हाती नव्हता. १९२० नंतरच्या दशकात मुक्तेश्वरच्या सरकारी प्रयोगशाळेत बुळकांडीवर लस सिद्ध झाली, १९५४ पासून देशभर लसीकरणाची मोहीम निघाली, आणि २०११ साली जगातून हा रोग नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. माणसाच्या देवीनंतर समूळ उखडलेला हा दुसरा रोग. गरिबाच्या घरावरचे केवढे संकट यामुळे टळले! पण त्या लसटोचणाऱ्यांची नावे कोणाला ठाऊक नाहीत, आणि त्यांचा पुतळाही कोठे दिसत नाही. २०२२ साली लम्पी चर्मरोग आला तेव्हा पुन्हा कळले की, गुरांचा डॉक्टर वेळेवर वाडीत पोचणे ही चैनीची गोष्ट नव्हे.

आता गोठे रिकामे होत आहेत, याची कारणे नीट पाहू. नव्या पिढीला आळस आला, असे म्हणणे सोपे आहे. पण ते खरे नाही. पूर्वी भात कापून झाले की गुरे मोकळी सोडीत. साऱ्या गावचा माळ सर्वांच्या गुरांना खुला असे. १९९० पासून रोजगार हमी योजनेशी जोडलेल्या फळबाग योजनेने वरकस जमिनींवर आंबा-काजूच्या बागा उठल्या. त्याने पुष्कळांचे भले झाले, हे नाकारता येणार नाही. पण बागेला कुंपण आले आणि मोकळी गुरे ही तक्रारीची बाब झाली. पॉवर टिलर आला. त्याला बारा महिने वैरण लागत नाही. शेणी गेल्या, गॅस आला, आणि बाईच्या डोळ्यांतला धूर गेला, हे चांगलेच झाले. पोर गुरांमागे न जाता शाळेत गेले, हे तर त्याहून चांगले. गोठ्यासाठी मी या सुधारणा परत द्यायला तयार नाही, आणि आपणही होऊ नये.

मग माझे मागणे काय? तीन गोष्टी. पहिली, जो गोठा अजून चालू आहे तो बहुधा एका पन्नाशी-साठीच्या बाईच्या बळावर चालू आहे. तिच्या कामाला काम म्हणा. सातबारावर तिचे नाव, योजनेच्या अर्जावर तिची सही, आणि गुरांच्या डॉक्टरची फेरी तिच्या वाडीपर्यंत, एवढे झाले पाहिजे. दुसरी, यंत्र आले तरी सावड मोडू देऊ नका. पॉवर टिलर दहा घरांत एक घेता येतो, जसे एकेका बैलाचे जोत करता येत होते. ज्याच्याजवळ यंत्र तो नवा खोत, अशी पाळी आपल्या हाताने आणू नका. तिसरी, हा इतिहास लिहून ठेवा. आपल्या गावात शेवटची दाढ कोणी भाजली, शेवटचे जोत कोणाचे होते, त्या बैलांची नावे काय होती, संपाच्या साली कोणी काय विकले, हे सांगणारी माणसे आज ऐंशीच्या घरात आहेत.

गिरण्यांच्या जागी आज मुंबईत टोलेजंग इमारती आहेत, आणि गिरणी कामगारांना घर मिळावे म्हणून आम्ही अजून भांडत आहोत. त्या मागणीच्या कागदावर कामगाराचे नाव असते, हजेरी क्रमांक असतो. तो पुरावा आहे, म्हणून निदान भांडता तरी येते. गोठ्यात राबलेल्या बाईच्या नावाची हजेरी कोणत्याच पुस्तकात मांडलेली नाही. मे महिन्यात आपण गावी जाल, आंबे खाल, आणि म्हाताऱ्या आत्या-मावशीच्या पडवीत बसाल. तेव्हा एक कोरी वही बरोबर न्या आणि त्यांना विचारा. आपल्या जिल्ह्याच्या इतिहासाचे अर्धे पान त्यांच्यापाशी आहे. ते त्यांच्याबरोबर जाऊ देऊ नका.